टीम एकदा मोडली की पुन्हा उभी राहते का? आइसलंडच्या पोरींबद्दल विचारायचं आहे

केळापूरचा कास्तकार

नमस्कार मंडळी. केळापूर तालुक्यातून लिहून राहिलो. पाच एकर कोरडवाहू, त्यात पराटी म्हणजे कापूस, अन् तूर. मी स्वतः कबड्डी खेळलो, फुटबॉलला कधी पाय लावला नाही. आता घरात फुटबॉल आला तो माझ्या मोठ्या पोरीमुळं. ती नववीत आहे.

तीन वर्षांआधी तिच्या शाळेत एक पीटीचे सर आले होते. त्यांनी पोरींची टीम काढली. गावाबाहेर शंकरपटाची जागा आहे, तिथं दोन बांबू इकडं अन् दोन तिकडं. पहिल्या महिन्यात बाभळीच्या काट्यानं दोन चेंडू गेले. मग पोरींनी घरून खराटे आणले अन् एका रविवारी सगळी जागा झाडून काढली. तेरा जणी होत्या. तालुक्याला पहिल्या वर्षी पाच गोलांनी हरल्या, दुसऱ्या वर्षी एकाच गोलानं. माझी पोरगी गोलकीपर. हरून आली त्या रात्री जेवायला बसली, तर ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून मला दाखवत होती की बाबा, ही पोरगी इथून आली, मी इथं उभी होती, इथं चुकली.

यंदा सरांची बदली झाली. दहावीच्या चौघी पास होऊन गेल्या. एक मामाकडं नागपूरला गेली. दोघींच्या घरून नाही म्हटलं. उरल्या सहा. शाळेतून सांगितलं की सहा पोरींची टीम होत नाही, अन् चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरगी दोन दिवस बोलली नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं मोबाइलवर युरोपातल्या बायांच्या स्पर्धेतला एक सामना पाहिला होता, आइसलंड विरुद्ध नॉर्वे. आइसलंड आधीचे दोन्ही सामने हरून स्पर्धेबाहेर पडलेलं होतं. नॉर्वे ४-१ नं पुढं. तरी त्या पोरी पळायच्या थांबल्या नाहीत. शेवटी शेवटी दोन गोल केले, अन् ४-३ वर सामना संपला. माझी पोरगी म्हणे, "बाबा, बाहेर पडल्यावरही काहून पळून राहिल्या?" मला उत्तर देता आलं नाही.

मग मी पाहिलं तर त्या देशाची सगळी लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपलं चंद्रपूर शहर २०११ च्या मोजणीत तीन लाख वीस हजार होतं. म्हणजे जवळपास एका चंद्रपुरातून त्यांनी देशाची टीम काढली, अन् इकडं अख्ख्या गावातून अकरा पोरी निघत नाहीत.

कोणाला माहीत असेल तर सांगा. त्यांची टीम कधी मोडली होती का? मोडली असेल तर पुन्हा कशी उभी झाली? पोरीला खरं उत्तर द्यायचं आहे, उगाच समजूत घालायची नाही.

वणीची अंगणवाडी ताई

भाऊ, दुपारचा आहार वाटून झाला, लेकरं घरी गेली, अन् लगेच लिहायला बसली. कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आहे.

हो, मोडली होती. चांगली पाच वर्षं.

सुरुवातीपासून सांगते. आइसलंडमध्ये बायांची लीग १९७२ साली सुरू झाली. म्हणजे क्लबात, गावागावांत पोरी खेळत होत्या, पण देशाची टीम नव्हती. ती पहिल्यांदा मैदानात उतरली २० सप्टेंबर १९८१ ला, स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉक गावी. ३-२ नं हरली. नऊ वर्षं वाट पाहून मिळालेला सामना अन् दोन गोल केलेले, मी याला हार म्हणत नाही. पुढच्या वर्षी बायांची युरोपातली पहिली स्पर्धा होती, तिच्या पात्रता फेरीत त्यांच्या गटात स्वीडन, नॉर्वे अन् फिनलंड. नॉर्वेत जाऊन त्यांनी २-२ बरोबरी केली. पण गटात शेवटच्या आल्या.

अन् मग दार लागलं. १९८७, १९८९ अन् १९९१, ओळीनं तीन युरोपीय स्पर्धांमध्ये आइसलंडनं बायांची टीम उतरवलीच नाही. अधूनमधून मोजके मैत्रीचे सामने झाले, १९८७ नंतर तेही बंद. ज्या पोरी त्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या असतील, त्यांचा विचार करा. खेळायचं वयच ते.

आता तुमच्या पोरीला ही गोष्ट नीट सांगा, कारण सगळा फरक इथं आहे. देशाची टीम बंद झाली, लीग बंद झाली नाही. क्लब चालू होते. पोरी आपापल्या क्लबात दर हंगामात खेळतच होत्या. वरचा मजला पडला, पण खालचं घर उभं होतं. म्हणून १९९२ साली टीम पुन्हा काढायचं ठरलं तेव्हा पोरी शोधायला कुठं जावं लागलं नाही.

परत आल्यावर पहिल्याच वर्षी इंग्लंडमध्ये जाऊन ४-० नं हरल्या. दोन महिन्यांनी घरच्या मैदानावर त्याच इंग्लंडकडून २-१ नं हार. चारावरून फरक एकावर आला. तुमच्या पोरींचा पाचावरून एकावर आला तसाच. त्यानंतरच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्यांनी नेदरलँड्सला मागं टाकून गट जिंकला अन् युरोपातल्या शेवटच्या आठांत पोचल्या. तिथं पुन्हा इंग्लंडच समोर, दोन्ही सामने २-१ नं गेले. हे १९९४ साल. बंद पडलेली टीम उघडून दोनच वर्षं झाली होती.

मला हे सगळं कसं माहीत, तेही सांगते. मीही शाळेत खेळली. तालुक्याची टीम होती, मी डाव्या बाजूनं पळायची. अकरावीला गेली तर त्या कॉलेजात पोरींसाठी मैदानच नव्हतं, अन् माझं खेळणं तिथंच संपलं. पुढं लग्न, अंगणवाडी. २०१६ मध्ये माझा भाऊ रात्री जागून पुरुषांची युरो पाहायचा. आइसलंडनं इंग्लंडला हरवलं तेव्हा सगळीकडं एकच चर्चा, एवढासा देश अन् केवढा पराक्रम. मी सहज विचारलं, त्यांच्या बाया खेळतात का रे? त्यानं शोधलं अन् चूप बसला. बाया सात वर्षं आधीच, २००९ मध्येच, युरोपच्या मुख्य स्पर्धेत जाऊन आल्या होत्या. त्या देशाची फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत पोचलेली पहिली मोठ्यांची टीम बायांची. त्या दिवसापासून मी त्यांचा एकेक निकाल पाहते.

ती २००९ ची वाट कशी उघडली तेही ऐकून घ्या. ऑक्टोबर २००८. त्या महिन्यात आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या, देशात हाहाकार. अन् त्याच महिन्याच्या शेवटी त्यांच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, आयर्लंडसोबत निर्णायक सामना. मैदान गोठलेलं, पाय ठरत नव्हते. डब्लिनमध्ये पहिला सामना १-१ झाला होता, इथं ३-० नं जिंकल्या. मला त्या स्कोअरपेक्षा ती रात्र जास्त दिसते. घराघरात पैसा बुडाल्याची काळजी, अन् बर्फावर पोरी पळून राहिल्या. कापसाला भाव न मिळालेल्या वर्षी पोळ्याला गाव कसं नटून निघते, ते आपण पाहिलं आहे.

२००९ मध्ये तिन्ही सामने हरल्या. २०१३ मध्ये नेदरलँड्सला १-० हरवून शेवटच्या आठांत गेल्या. गोल दाग्नी ब्रिन्यार्सदोत्तिरचा. हे नाव पोरीला लिहून द्या, पुन्हा येणार आहे.

२० ऑक्टोबर २०१७. आपल्याकडं दिवाळीचा पाडवा. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मी माहेरी गेली, कडेवर धाकटा, चार महिन्यांचा. ओवाळायला बसली तर भाऊ म्हणे, "आधी हे पाह, तुह्या पोरींनी जर्मनीले हरवलं." जर्मनी म्हणजे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेली, दोनदा विश्वचषक घेतलेली टीम. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपल्या घरी कधी हरलेली नव्हती. तिच्या घरात जाऊन ३-२. दोन गोल दाग्नीचे, एक एलिन मेत्ता येन्सेनचा. मी ताट खाली ठेवलं अन् रडली. माझी आई विचारे, कोण वारलं बाई?

पण त्या विश्वचषकाला त्या गेल्या नाहीत. पुढच्या सप्टेंबरमध्ये जर्मनी रेक्याविकला आली. बायांच्या सामन्यासाठी ते स्टेडियम पहिल्यांदा खचाखच भरलं, अन् २-० नं हरल्या. तीन दिवसांनी चेक टीमसोबत १-१, शेवटी मिळालेली पेनल्टीही गोल झाली नाही. २०२२ मध्ये तर नेदरलँड्ससोबत नुसती बरोबरी पुरली असती. नव्वद मिनिटं झाली, वरच्या वेळेत तिसऱ्या मिनिटाला गोल बसला. मग पोर्तुगालकडून जादा वेळेत ४-१. आजवर एकाही विश्वचषकात नाहीत. हे मी लपवत नाही, कारण तुम्ही खरं उत्तर मागितलं. पण २०२४ च्या जुलैमध्ये त्याच मैदानावर जर्मनीला ३-० हरवून त्यांनी २०२५ च्या युरोची जागा घेतली, ओळीनं पाचवी. तुम्ही बाप-लेकीनं पाहिली ती हीच टीम.

पुसदचे पीटी सर

ताईंनी सामने सांगितले, मी मैदानाचं सांगतो. एकोणीस वर्षं जिल्हा परिषद शाळांमध्ये खेळ शिकवतो आहे.

आइसलंडची अडचण थंडी आणि अंधार. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, जमीन गोठलेली, पूर्वी वर्षातले कितीतरी महिने चेंडूला हात लागत नव्हता. २००० साली त्यांनी पूर्ण मापाचं पहिलं झाकलेलं फुटबॉल मैदान बांधलं, नंतर आणखी बांधत गेले. त्यासोबत शाळांच्या शेजारी छोटी कृत्रिम गवताची मैदानं, शंभराच्या वर. मला ही छोटी मैदानं मोठ्या हॉलपेक्षा महत्त्वाची वाटतात. लेकरू शाळा सुटली की दप्तर ठेवून तिथंच खेळतं. न्यायला-आणायला कोणी लागत नाही, परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रशिक्षक. तिथं सहा-सात वर्षांच्या लेकरांनाही परवाना घेतलेला, पगारी प्रशिक्षक शिकवतो. असे शेकडो लोक त्यांनी तयार केले, पोरा-पोरींना तेच शिकवतात. आपल्याकडं एका सरांची बदली झाली की टीम जाते. भाऊ, तुमच्या गावात तेच झालं, आणि माझ्या मागच्या शाळेत मी निघाल्यावरही तेच झालं. त्या पोरींचे फोन येत होते, "सर, नवीन सर चेंडू देत नाहीत." ते मला अजून टोचतं. त्यानंतर मी एक नियम केला. प्रत्येक शाळेत दोन पोरींना शिट्टी द्यायची, वॉर्म-अप त्यांनीच घ्यायचा, चेंडूची पिशवी त्यांच्याच घरी राहील. मी गेलो तरी सराव थांबत नाही.

थंडीच्या जागी आपल्याकडं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. त्यामुळं मार्चपासून सकाळी साडेपाच ते सात, नंतर नाही. संध्याकाळचा सराव ठेवला की मानव विकासची, शाळेच्या पोरींना नेणारी निळी बस सुटते आणि बाहेरगावच्या पोरी अडकतात. मी पाहिलं आहे, टीम मोडण्याचं अर्धं कारण ही बस असते. घरचे खेळाला नाही म्हणत नाहीत, अंधारात येण्याला नाही म्हणतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्यातले दोनच सराव ठेवा आणि ते आधीच सांगा, म्हणजे घरचे हिशेब लावतात.

आता सहा पोरींचं. सहा पोरींची टीम होते. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या स्लम सॉकरची मुलं-मुली बेघरांच्या विश्वचषकात खेळून आली आहेत. तिथं एका बाजूनं मैदानात चारच असतात, एक गोलकीपर आणि तीन. तुमच्याकडं सहा आहेत, म्हणजे दोन राखीव. शंकरपटाच्या जागेचा एक कोपरा घ्या, पंचवीस पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. तीन विरुद्ध तीन खेळवा. छोट्या जागेत प्रत्येकीला चेंडू कितीतरी जास्त वेळा लागतो. मोठ्या मैदानावर तेरा जणींत दोघीच खेळतात आणि बाकीच्या धावतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. अकरा होईपर्यंत थांबू नका.

केळापूरचा कास्तकार

ताई, सर, काल रात्री दोघांचं लिहिलेलं पोरीला मोठ्यानं वाचून दाखवलं. घरची चुलीजवळ बसून ऐकत होती. पोरगी "वरचा मजला पडला, पण खालचं घर उभं होतं" इथं मला थांबवून म्हणे, पुन्हा वाचा.

घरचीनं एक विचारलं, ते तसंच लिहितो. "लग्न झाल्यावर सुटणारच ना. मग दोन-चार वर्षांसाठी कायले एवढं?" ती पोरीच्या विरुद्ध नाही, तिनंच तिचे बूट शिवून आणले. पण तिला खरंच विचारायचं आहे. त्या बायांचं लग्नानंतर, लेकरं झाल्यावर काय होते?

निवृत्त मराठी शिक्षक, दारव्हा

खेळातलं सांगायला इतर जण आहेत. मला नावांबद्दल दोन ओळी लिहायच्या आहेत, कारण वहिनींच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे.

त्या टीमची यादी वाचा, जवळपास प्रत्येक नावाच्या शेवटी "दोत्तिर" येतं. दोत्तिर म्हणजे मुलगी. संस्कृतातली दुहिता आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले, सख्ख्या बहिणी म्हणा. गुन्नारची मुलगी ती गुन्नार्सदोत्तिर. काही जण आईचंही नाव लावतात. आणि लग्न झालं तरी हे नाव बदलत नाही. पंधराव्या वर्षी शर्यत जिंकलेली बाई आणि पस्तिसाव्या वर्षी टीमची कर्णधार असलेली बाई कागदावर एकच राहते. आपल्याकडं जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र एका नावाचं आणि पुढची सगळी कागदपत्रं दुसऱ्या नावाची. माझ्या विद्यार्थिनी नोकरीच्या वेळी ती प्रमाणपत्रं घेऊन शपथपत्रासाठी तहसीलात रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

हा देश एका दिवसात असा झाला नाही. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या बहुतांश बायांनी एक दिवस सगळी कामं थांबवली, घरातलीही आणि बाहेरचीही. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्दिस फिन्नबोगादोत्तिर निवडून आल्या, लोकांनी मतदानानं निवडलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. फुटबॉल टीमचा पहिला सामना त्याच्या पुढच्या वर्षीचा. मला या तीन तारखा वेगवेगळ्या वाचता येत नाहीत.

वणीची अंगणवाडी ताई

सर, दुहिता मला माहीत नव्हतं. आता लेकरांना सांगीन.

वहिनींना माझ्याकडून सांगा भाऊ. कात्रिन योन्सदोत्तिर, २००९ अन् २०१३ ची कर्णधार, ती डॉक्टर होती. डॉक्टरकी करता करता देशासाठी १३३ सामने खेळली. मार्ग्रेत लाउरा विदार्सदोत्तिर, देशासाठी १२४ सामन्यांत ७९ गोल, त्या टीममध्ये एवढे गोल दुसऱ्या कोणीच केले नाहीत. ती वेस्तमान बेटांवरची, तिथं वस्ती चार हजारांच्या आसपास, आपल्याकडचं एक मोठं गाव. १९७३ साली तिथं ज्वालामुखी फुटला अन् रातोरात सगळं बेट रिकामं करावं लागलं होतं. लोक परत आले, राख उपसून घरं काढली. तिथल्या मातीत ही पोरगी वाढली. ती आई झाल्यावर परत आली अन् २०१९ मध्ये शेवटच्या सामन्यातही गोल केला.

पण वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर. सोळाव्या वर्षी देशाच्या टीममध्ये आली, १४५ सामने खेळली. २०२० मध्ये ल्योन क्लबाकडून युरोपचं सगळ्यात मोठं क्लब विजेतेपद घेतलं, अंतिम सामन्यात तिचा गोल होता. २०२१ मध्ये तिला दिवस गेले. ती बाळंतपणासाठी घरी गेली तर क्लबानं पूर्ण पगार दिला नाही. तिनं सोडून नाही दिलं. खेळाडूंच्या संघटनेला घेऊन फिफाकडं गेली. त्याच वर्षापासून फिफाचा नियम होता, बाळंतपणात किमान १४ आठवडे रजा अन् दोन तृतीयांश पगार, पण तो नियम कागदावरून उचलून कोणी तरी उभा करावा लागतो. तिच्या बाजूनं निकाल लागला, ८२ हजार युरोच्या वर रक्कम क्लबानं द्यावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलगा झाला, अन् २०२२ च्या जुलैमध्ये ती युरो खेळत होती, दंडावर कर्णधाराची पट्टी.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या मानधनाचे तीन महिने थकले होते. मी ती बातमी मोबाइलमध्ये ठेवून दिली, अजून आहे.

अन् एक बाई राहिली. वांदा सिगुर्गेर्सदोत्तिर. टीम बंद पडली त्याच काळातली खेळाडू. १९८५ मध्ये पहिला सामना खेळली, मग मधली ती रिकामी वर्षं, मग पुन्हा खेळली अन् कर्णधार झाली. १९९७ मध्ये त्याच टीमची प्रशिक्षक. ऑगस्ट २०२१ मध्ये आइसलंडच्या फुटबॉल संघटनेत मोठं वादळ आलं, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून अध्यक्ष अन् मंडळ पायउतार झालं. मग ऑक्टोबरमध्ये संघटनेनं वांदाला अध्यक्ष केलं. युरोपातल्या कोणत्याही देशाच्या फुटबॉल संघटनेची ती पहिली महिला अध्यक्ष. जिची टीम बंद झाली होती, टीम चालू ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीवर तीच जाऊन बसली.

वहिनी, दोन-चार वर्षांसाठी कायले, असं विचारलं ना. माझी चारच वर्षं होती. मी आज चाळिशीला आली. अंगणवाडीत एखाद्या लेकरानं चेंडू लाथाडला तर माझा डावा पाय अजून आपोआप उचलते.

पुसदचे पीटी सर

भाऊ, शाळेत एकदा मुख्याध्यापकांना भेटा. भांडायला नको. शालेय स्पर्धेसाठी नाही, फक्त सरावासाठी चेंडू मागा, लेखी अर्ज द्या, सहाही पोरींच्या पालकांच्या सह्या घ्या. कागद असला की कपाट उघडतं, माझा अनुभव आहे. आणि गोलकीपर पोरीला हातमोजे नसतील तर ओल्या चेंडूवर सराव देऊ नका, बोटं जातात.

केळापूरचा कास्तकार

उशिरा लिहून राहिलो, कापूस वेचणीत होतो.

अर्ज दिला. सहा सह्या मागितल्या होत्या, आठ झाल्या. ज्या दोघींच्या घरून नाही म्हटलं होतं, त्यातल्या एकीची आजी स्वतः आली अन् अंगठा लावून गेली. सकाळी साडेपाचची वेळ ऐकली तर तिला पटलं, उजेडात घरी येते म्हणे. आठवी सही आमच्या शेजारच्या सातवीतल्या पोरीच्या बापाची, ती आधी टीममध्ये नव्हतीच. दोन चेंडू मिळाले. एक बरा आहे, एकाची हवा जाते.

रविवारी सरांच्या सांगण्यासारखं पंचवीस बाय पंधरा पावलं मोजून चुन्यानं आखलं. घरचीनं चुना भिजवला. चार विरुद्ध चार खेळल्या. पोरीनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली, प्रत्येकीच्या नावापुढं आईचं नाव लिहिलं अन् शेवटी "दुहिता". शिक्षक काकांना सांगा म्हणाली.

त्या बाहेर पडल्यावरही काहून पळून राहिल्या होत्या, ते आता तिनं मला सांगतलं. "बाबा, पुढच्या वेळच्या पोरी पाहत असतील ना." मी काही बोललो नाही.

यवतमाळ किंवा पांढरकवड्याला चेंडूत हवा भरायची सुई कुठं मिळते कोणी सांगेल का? इथल्या सायकलच्या दुकानात विचारलं, त्याच्याजवळची जाड आहे, बसत नाही.